करून पाहिले

आमच्या वाचनालयात मुलांचे कोणतेही नवे पुस्तक कपाटात जाण्याआधी एका माणसाने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे, असा नियम होता. त्या माणसाला 'पहिला वाचक' म्हणत. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला इंदूमावशी खळीने एक चिठ्ठी डकवत. तिच्यावर तीन रकाने असत : वाचले, करून पाहिले, सही. 'वाचले' सगळ्या पुस्तकांना लागू. 'करून पाहिले' फक्त त्या पुस्तकांना, ज्यांत मुलांना हाताने काही करायला सांगितलेले असे. कागदाची होडी असो, मातीचा बैल असो नाहीतर गुळाची चिक्की, पहिल्या वाचकाने ती वस्तू स्वतः एकदा करायची आणि मगच खूण करायची. एका वर्षी तो पहिला वाचक मी होतो. त्या वर्षाबद्दल आजवर घरी, नातेवाइकांत, बायकोला आणि मुलांना मी जे सांगत आलो, ते खरे नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बँकेच्या बदलीवर साताऱ्याकडून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. फ्रीगंजमध्ये टावर चौकाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि वरची गच्ची भाड्याने घेऊन आम्ही राहत होतो. पहाटे मिलचा भोंगा, मग खालच्या हलवायाच्या कढईवर झाऱ्याचा आवाज, मग आईच्या स्टोव्हची फरफर, या क्रमाने आमचा दिवस उजाडे. रविवारी हलवायाकडून जिलेबी येई आणि आई पोह्यांवर मूठभर शेव घाली. साताऱ्याचे पाहुणे पोह्यांशेजारी जिलेबी बघून हसत आणि जाताना हलवायाचा पत्ता विचारत. अण्णांशी मराठी, गल्लीत हिंदी आणि आईशी दोन्हीची खिचडी, असे माझे बोलणे होते. अण्णा वाचनालयाचे चिटणीस होते. घरात त्यांचा शब्द चाले. वाचनालयात मात्र इंदूमावशींचा.

इंदूमावशी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांचे पूर्वज दरबारात कारकून म्हणून आलेले, त्यामुळे त्यांच्या मराठीत कित्येक पिढ्यांचे हिंदी मुरलेले होते. नवरा लवकर गेला. त्याचे जाडजूड मनगटी घड्याळ त्या स्वतःच्या बारीक हातावर बांधत, आणि ते दर थोड्या वेळाने कोपराकडे घसरे. वाचनालय कापडाच्या दुकानावर, तीन खोल्यांचे. त्यांतल्या मागच्या खोलीत त्या एकट्या राहत. वाचनालय हीच त्यांची नोकरी आणि तेच घर. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला गेलो तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाल्या, "अवि, या साली मुलांची पुस्तकं तू जांचायची. जांचायची म्हणजे काय, माहीत आहे का? आई पोराला बाटलीनं दूध देते, तर पहिले आपल्या मनगटावर एक थेंब टाकून बघते. बस, तेच."

मी मान हलवली.

"मुंडी नको हलवू. ऐक. न करता खूण केलीस ना, तर जिन्याची पायरी चढू देणार नाही. चिटणीसांचा बेटा असशील तू आपल्या घरी."

दिवाळीनंतर पुण्याच्या विक्रेत्याकडून पेटी येई. पार्सल ऑफिसातून ती हातगाडीवर येई आणि तिचे खिळे उपटायला मुलांची गर्दी होई. पुस्तके पसंतीसाठी आलेली असत. हवी ती ठेवायची, नको ती त्याच पेटीतून परत. पहिली दहाबारा पुस्तके मी मन लावून वाचली. चिक्कीचे पुस्तक आले तेव्हा आईने पदर खोचून सगळे पुस्तकाबरहुकूम केले आणि ताटलीत जे झाले ते उलथन्याने निघेना. आई म्हणाली, "या बाईनं गूळ चित्रात बघितला असेल." मी शेरा लिहिला, 'दात पडतील', आणि इंदूमावशी इतक्या हसल्या की घड्याळ कोपरापर्यंत गेले. तो शेरा त्यांनी कमिटीत वाचून दाखवला. अण्णा हसले नाहीत, पण त्या दिवशी घरी येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. अण्णांचा हात खांद्यावर, ही आमच्याकडे रोजची गोष्ट नव्हती.

मग माझे लक्ष उडाले. कॉलेजचे मित्र, टावर चौकातला चहा, सायकलवरून निरर्थक फेऱ्या. पेटी परत पाठवायची वेळ आली आणि दहा पुस्तके उरली. ती सगळी मी एका दुपारी गच्चीवर उरकली. त्यांतले एक आकाशाचे होते. निळे मुखपृष्ठ, त्यावर शेपटीवाला धूमकेतू. आत आठ प्रयोग. मी चित्रे पाहिली, एकच प्रयोग केला, बुटांच्या खोक्याला भोक पाडून उजेडाचा ठिपका पाहण्याचा, आणि तो छान जमला. उरलेल्या सातांची मी पाने उलटली. एका पानाला टाचणीने एक कागद टोचलेला होता. टाचण्या गंजतात आणि मुलांच्या बोटांना लागतात, म्हणून पहिल्या वाचकाने त्या काढायच्या, आणि आतले सुटे कागद इंदूमावशींना नेऊन द्यायचे, हाही नियम. बहुतेक कागद प्रकाशकांच्या जाहिराती असत. मी टाचणी काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवली आणि तो कागद बाकीच्या जाहिरातींबरोबर माझ्या फिजिक्सच्या वहीत कोंबला. वाचला नाही. मग मागच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर दोन खुणा केल्या आणि सही केली.

इंदूमावशींनी पुस्तक हातात घेतले तेव्हा नुसते चाळले नाही. त्या प्रश्न विचारत.

"आठही केलेस?"

"आठही."

"ही काच काळी करायची, दिव्यावर?"

"केली."

"मग कशी झाली?"

"काळी झाली."

त्या हसल्या आणि माझ्या सहीखाली त्यांनी आपली सही केली. त्या हसण्यावर मी पुढे आयुष्यभर विचार केला आहे. मला विनोद जमतो एवढेच तेव्हा मला वाटले होते.

संक्रांत झाली. नवी पुस्तके कपाटात लागली, मुलांनी ती पळवली, आणि मग वर्तमानपत्रांत सूर्यग्रहणाच्या बातम्या येऊ लागल्या. उज्जैनमध्ये ग्रहण म्हणजे साऱ्या गावाची गडबड. कोणत्या घाटावर स्नान, वेध किती वाजता लागणार, यावर पानवालाही छातीठोक बोले. आमच्या घरी अण्णांनी पंचांग उघडून ठेवले आणि आईने लोणच्याच्या बरण्यांवर ठेवायला दर्भ आणून ठेवले. "ग्रहणात या घरातून कोणी पाऊल बाहेर टाकणार नाही," अण्णा म्हणाले. मी वाद घातला. चंद्राची सावली पृथ्वीवर पडते, त्यात दर्भ कशाला, असे मी जेवताना मोठ्या आवाजात म्हणालो. हे ज्ञान त्याच निळ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरचे होते. अण्णांनी भाताचा घास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "तुला सगळं माहीत आहे, बरं आहे."

ग्रहणाला तीन दिवस होते. मी परीक्षेसाठी फिजिक्सची वही उघडली आणि जाहिराती खाली पडल्या. त्यांत हाताएवढा एक कागद होता, बाकीच्यांसारखा रंगीत नसलेला. त्याच्यावर छापले होते : 'वाचकांस कळकळीची विनंती. पान एकतीसवरील प्रयोग करू नये. काजळी धरलेल्या काचेतून सूर्याकडे पाहिल्यास डोळ्यांस कायमची इजा होते.'

मी तो उभा राहून वाचला, मग बसून वाचला. खाली हलवायाचा झारा वाजत होता. नंतर आईने चहा आणून ठेवला आणि त्यावर साय धरली, एवढे मला आठवते.

मी वाचनालयात गेलो. ते पुस्तक कपाटात नव्हते. इंदूमावशी आतल्या खोलीत पुठ्ठ्याचे डबे मांडून बसल्या होत्या. ग्रहणाच्या दुपारी मुलांना दुकानामागच्या अंगणात जमवून खोक्यातून सूर्याची चकती भिंतीवर दाखवायची, असे त्यांनी ठरवले होते. मी देवघेवीची वही पाहिली. पुस्तक मंजूकडे होते. मंजू दहा वर्षांची. तिचे वडील भैरवगढच्या शाळेत मास्तर होते आणि ती दर रविवारी त्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसून पुस्तक बदलायला येई. चिक्कीवरचा माझा शेरा तिला पाठ होता.

"काय धुंडतोस रे?" इंदूमावशींनी आतून विचारले.

कागद माझ्या खिशात होता. हात खिशात होता. मी एवढेच म्हणायचे होते की, मावशी, हा कागद राहून गेला. मग त्या विचारतील, राहून गेला म्हणजे? तू पान एकतीस केलेस ना? जिना, अण्णांचा खांद्यावरचा हात, कमिटीतले हसणे, सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

"काही नाही," मी म्हणालो. "मंजू येणार आहे ना ग्रहणाला इथं?"

"कशाची येते. तिची आजी सोडत नाही म्हणे. मी सांगून सांगून थकले."

मला हायसे वाटले. आजी तिला सोडत नाही, म्हणजे ती घरात, म्हणजे काही होणार नाही. पुढचे दोन दिवस मी हे वाक्य स्वतःला ऐकवत होतो. रात्रीची झोप मात्र लागेना, म्हणून ग्रहणाच्या आदल्या दिवशी मी सायकल काढली आणि भैरवगढला गेलो. पुस्तक गोड बोलून परत आणायचे, पान फाडायचे आणि मोकळे व्हायचे, असा बेत होता.

भैरवगढला कापडावर ठसे उठवणाऱ्या छिप्यांची घरे लागली की रस्त्याच्या कडेने ओले कापड वाळत घातलेले दिसे. लाल आणि काळे ठसे, लांबच लांब. गटारातून त्याच रंगांचे पाणी वाहत होते आणि कुठूनतरी ठोकळे कापडावर आपटल्याचा आवाज एकसारखा येत होता. मंजूच्या घराचे फाटक उघडेच होते. आजी ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"ये बाबा. चिटणीसांचा ना तू? बैस. मास्तर शाळेत गेलेत. मंजू, पोहे आण गं दादासाठी."

मंजू आतून आली. तिची बोटे काळी होती आणि नाकाच्या शेंड्यावरही काजळी लागली होती.

"दादा, बघा!" तिने फुटलेल्या तसबिरीची काच माझ्यासमोर धरली. अर्ध्याहून अधिक काळी झाली होती. "दोन मेणबत्त्या संपवल्या. तुमची किती वेळात झाली होती?"

मी ओसरीवर बसलो.

"पुस्तकात तुमची खूण आहे ना," ती म्हणाली. "आठही केलेत तुम्ही. मी पाचच केलेत अजून."

"मंजू, ते पुस्तक मला दे. दुसऱ्या कुणाला हवं आहे."

"उद्या ग्रहण आहे आणि आज देऊ?" ती काच पाठीमागे लपवत म्हणाली. "वा दादा! परवा देते. मावशींना सांगा, मी फाईन भरते."

"तिची काच बिच सगळं उद्या मी कोठीत टाकणार आहे," आजी म्हणाली. "ग्रहणात पोरगी बाहेर? मी जिवंत असताना? दारं-खिडक्या बंद."

"नक्की ना आजी?"

"अरे, मी काय आजची आहे का?"

मी पोहे खाल्ले. त्यांवर शेव आणि बारीक चिरलेला कांदा होता. पोहे खाताना दोनदा कागद काढायला हात खिशात गेला आणि दोनदा तो चमच्याकडे परत आला. फाटकापाशी जाऊन मी थांबलो. मागे वळून पाहिले. मंजू ओसरीच्या पायरीवर उभी होती, काच उन्हाकडे धरून काळेपणा जोखत, आणि तिच्या चेहऱ्यावर सावलीचा एक पट्टा पडला होता. मी सायकलवर टांग टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजेड आटला. ऊन होते, पण त्यात काही जीव उरला नव्हता, पितळेच्या घासलेल्या भांड्यावरून परतून आल्यासारखे ते दिसत होते. गल्लीतली कुत्री आधी भुंकली आणि मग गप्प झाली. खालच्या हलवायाने भट्टी विझवली होती, आणि तो झारा वाजत नसल्यामुळे घर अनोळखी वाटू लागले. अण्णा देवापुढे जप करत होते. मी भिंतीला पाठ टेकून बसलो होतो. आईने विचारले, "तुला बरं नाही का रे?" मी म्हणालो, "डोकं दुखतंय."

त्या वेळी भैरवगढला काय चालले होते ते मला दोन दिवसांनी कळले. आजीने दारे-खिडक्या बंद केल्या होत्या, खरोखर. पण ग्रहण लागले की नदीवर स्नानाला जायचा तिचा नेम होता. शेजारणी हाका मारत आल्या आणि मंजूला आतून कडी लावायला सांगून ती क्षिप्रेवर गेली. मास्तर शाळेच्या मुलांना घेऊन घाटावर बंदोबस्ताला होते. मंजूने कडी लावली, कोठीतून काच काढली आणि गच्चीवर गेली. ग्रहण सुटेपर्यंत ती पाहत होती. मन लावून पाहत होती, कारण पुस्तकात लिहिले होते की चित्र काढून ठेवावे. तिने सहा चित्रे काढली. सहावे वेडेवाकडे होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की हे बरे होणारे नाही. आंधळी होणार नाही, पण नजरेच्या मधोमध डाग राहील. मंजूने तो असा सांगितला : "मी ज्या अक्षराकडे बघते, तेच दिसत नाही. त्याच्या बाजूचं दिसतं."

रविवारी कमिटी बसली. मास्तर आले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. निळे पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तुमच्याकडे तपासून देतात, म्हणून मी डोळे मिटून देत होतो." मग 'डोळे मिटून' हे आपलेच शब्द त्यांना ऐकू आले आणि ते खाली बघत राहिले. इंदूमावशींनी मागचा पुठ्ठा उघडला. दोन सह्या होत्या, एकीखाली एक. सगळ्यांदेखत त्यांनी मला विचारले, "अवि, पान एकतीस तू करून बघितलं होतंस?"

अण्णा लेखणी हातात धरून माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणालो.

 इंदूमावशींनी घड्याळ कोपरावरून मनगटावर ओढून घेतले आणि कमिटीला म्हणाल्या, "पोराची सही शिकाऊ आहे. पास मी केलं. जिम्मेदारी माझी." अण्णांनी ठराव लिहिला. त्यांचे अक्षर फार सुरेख होते. मुलांचा विभाग बंद, कपाटाला कुलूप, आणि इंदूमावशींनी महिनाअखेर खोली सोडावी.

त्या भावाकडे खांडव्याला गेल्या. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. ट्रंक मी जिन्यावरून खाली आणली. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "परसों मी काच काळी केली, अवि. कंदिलासमोर धरली. काजळी सारखी बसत नाही. जागोजाग उजेड आरपार येतो. एकदा हातात धरली असती तर कोणालाही दिसलं असतं." मी ट्रंक टांग्यात ठेवली. त्यांनी पुन्हा मागे पाहिले नाही. त्या कागदाबद्दल मात्र त्यांना कधी कळले नाही. तो माझ्या खिशात होता, टांगा हलला तेव्हाही.

घरी मी सगळ्यांना सांगत आलो, की इंदूमावशींच्या एका चुकीमुळे वाचनालयातला मुलांचा विभाग बुडाला. पंचवीस-तीस वर्षे सांगितल्यावर ते सांगताना माझा आवाज हलेनासा झाला. अण्णा गेले तेव्हा त्यांनाही तेच माहीत होते. इंदूमावशी गेल्याचे मला फार उशिरा, कुणाच्या तरी तोंडून कळले.

यंदा आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत मुलांसाठी वाचनालय काढायचे ठरले. निवृत्त माणूस, वाचनाची आवड, म्हणून पुस्तके निवडायला मला सांगितले. मी प्रत्येक पुस्तक दोनदा वाचतो. कागदाची टोपी असली तरी करतो. सेक्रेटरी म्हणतात, "काका, मुलं तर फोटोच बघतात, तुम्ही इतकं टेन्शन का घेता?" तिसऱ्या पुस्तकाला मी मागे चिठ्ठी डकवायला घेतली, वर 'करून पाहिले' लिहिले आणि माझ्याच्याने पुढे लिहवेना. त्या दुपारी मी कपाटातून तो कागद काढला आणि रिक्षा करून भैरवगढला गेलो.

मंजूचे ठशांच्या चादरींचे दुकान आहे. साठीकडे झुकलेली बाई. मला तिने आवाजावरून ओळखले. चहा मागवला. मी न थांबता सगळे सांगितले, वर लिहिले आहे त्याच क्रमाने. मध्ये एक गिऱ्हाईक आले, तिने हाताने त्याला थांबवले.

"तुम्ही फाटकापाशी थांबला होतात," ती म्हणाली. "मला वाटलं, सायकलची चेन उतरली."

मी कागद तिच्यापुढे ठेवला. मी वाचून दाखवतो, असे म्हणणार होतो, पण तिने तो उचलला होता. वाचण्यासाठी तिला तोंड बाजूला वळवावे लागते, म्हणजे डाग अक्षरांवरून सरकतो. ती दाराकडे बघत असल्यासारखी बसली होती आणि कागद तिच्या कानाजवळ होता. तीनच वाक्ये. ती एकेक अक्षर लावत होती. बाहेर ठोकळे आपटत होते. गिऱ्हाईक कंटाळून निघून गेले.

तिचे वाचून होईपर्यंत मी उठलो नाही. मग तिने कागदाची घडी घातली, गल्ल्याच्या खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

"चहा गार झाला तुमचा," ती म्हणाली, अजून दाराकडेच बघत.